घरभाड्यावरील वजावट: फिरत्या संदेशातले दावे आणि कायदा

सोलापुरातल्या घरमालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक संदेश फिरतो आहे. रंगकाम, दुरुस्ती आणि सोसायटीचा देखभाल खर्च यांची बिले जपून ठेवा, कर्जाचा संपूर्ण हप्ता आणि इमारतीचा घसारा (वापराने दरवर्षी घटणारी किंमत) भाड्यातून वजा करा, आणि तरीही तोटा दिसला तर तो सगळा पगारातून वळता करा, असा त्याचा सल्ला आहे. धंद्याच्या उत्पन्नाचे नियम घरभाड्याला लावल्याने हा घोळ झाला आहे.

पहिला दावा बिलांचा. वर्षाच्या भाड्यातून मालकाने महापालिकेला प्रत्यक्ष भरलेला मिळकत कर (घरपट्टी) वजा केल्यावर जी रक्कम उरते, तिच्यावर सरसकट 30 टक्के वजावट मिळते. खर्च त्याहून जास्त झाला काय किंवा भिंतीला साधा खिळाही ठोकला नाही काय, आकडा तोच राहतो. समजा, जुळे सोलापुरातील फ्लॅटचे भाडे महिना 12,000, म्हणजे वर्षाला 1,44,000 रुपये आहे आणि महापालिकेला 9,000 रुपये भरले आहेत. उरलेल्या 1,35,000 रुपयांवर 40,500 रुपयांची वजावट मिळेल. त्या वर्षी रंगकामाला 60,000 रुपये लागले असले, तरी वरचे 19,500 रुपये कुठेही दाखवता येत नाहीत. 1 एप्रिल 2026 पासूनच्या नव्या आयकर कायद्यातही ही 30 टक्क्यांची तरतूद कायम आहे.

मिळकत कराविषयी संदेशात चकार शब्द नाही, आणि नेमके तिथेच अनेक मालक हक्काची वजावट सोडून देतात. हा कर ज्या वर्षी भरला त्या वर्षी वजा होतो, मग ती मागच्या वर्षांची थकबाकी का असेना. म्हणून शास्तीमाफीची, म्हणजे थकबाकीवरील दंड माफ होण्याची, वाट पाहून एकरकमी थकबाकी भरणाऱ्याने ती पावती करसल्लागाराला आवर्जून द्यावी. कर भाडेकरूने भरला असल्यास मात्र मालकाला वजावट नाही.

हप्त्यातले केवळ व्याज वजा होते. वरच्या उदाहरणात ते 70,000 रुपये असेल, तर करपात्र रक्कम 24,500 रुपये. मुद्दलाची वजावट वेगळ्या कलमाखाली, इतर बचतीसह 1,50,000 रुपयांच्या मर्यादेत आणि फक्त जुन्या करप्रणालीत (करदात्याला निवडता येणाऱ्या दोन पर्यायांपैकी जास्त वजावटींच्या पर्यायात) मिळते. कर्ज बँकेचेच हवे असे नाही. घर घेण्यासाठी मेहुण्याकडून व्याजाने रक्कम घेतली असेल आणि तसा पुरावा असेल, तर तेही व्याज चालते.

तोट्याबाबतचा दावा सर्वांत महागात पडणारा आहे. जुन्या प्रणालीत वर्षाला फार तर 2,00,000 रुपयांचा तोटा पगारातून वळता होतो आणि उरलेला पुढील आठ वर्षे घरभाड्याच्या उत्पन्नातूनच वजा करता येतो. नव्या प्रणालीत पगारातून एक रुपयाही वळता होत नाही.

राहिला घसारा. नुसत्या फ्लॅटवर किंवा रिकाम्या शेडवर तो नाही. अक्कलकोट रस्त्याकडे यंत्रमागांसह शेड भाड्याने दिली जाते, तेव्हा गोष्ट बदलते: माग आणि इमारत यांचे भाडे वेगळे काढता येत नसेल आणि ते धंद्याचे उत्पन्न नसेल, तर ते इतर स्रोतांच्या उत्पन्नात मोडते आणि घसारा, दुरुस्ती, विमा हे खर्च वजा होतात. मात्र तिथे 30 टक्क्यांची सरसकट वजावट मिळत नाही.