रंग फास्ट आहे

माझे बनियन सध्या गुलाबी आहेत. कारण लक्ष्मी रोडवरून घेतलेला लाल कुर्ता, ज्याबद्दल दुकानदाराने छातीठोकपणे सांगितलं होतं, "रंग एकदम फास्ट आहे साहेब."

पुरावा म्हणून एक बनियन पिशवीत घालून गेलो. त्याने तो लांबूनच पाहिला. "फास्ट म्हणालो होतो. पक्का म्हणालो का?"

तेवढ्यात शेजारी शर्टपीस चाचपणारे एक आजोबा गर्रकन वळले. निवृत्त इंग्रजीचे मास्तर. "अहो, फास्टचा मूळ अर्थच पक्का! घट्ट! उपवासाचं फास्टसुद्धा त्यातलंच, नेम घट्ट धरायचा. वेगाचा अर्थ फार मागाहून चिकटला." मला वाटलं, फुकटात वकील मिळाला. "फास्ट अस्लीप म्हणजे काय?" त्यांनी माझीच परीक्षा घेतली.

"गाढ झोपलेला."

"बघा! तिथं कोण पळतंय का?"

दुकानदार गल्ल्यावरून न उठता म्हणाला, "सर, आणि डेक्कन क्वीन?"

"ती पळते. फास्टच आहे ती."

"मग आमचा रंगही पळाला."

मास्तर क्षणभर थांबले आणि खो खो हसत सुटले. "हा मुद्दा आहे हं!" माझा वकील तिथल्या तिथे फुटला.

हसा. पण सुती कापडावर पक्के बसणारे रिअ‍ॅक्टिव्ह रंग 1956 पासून बाजारात आहेत. ते धाग्याशी रासायनिक बंधानेच जोडले जातात. न जोडलेला जास्तीचा रंग गरम पाण्याने नीट धुऊन काढावा लागतो, आणि नेमकं तिथंच पाणी नि पैसे वाचवले जातात. मग ते धुणं माझ्या मशिनमध्ये होतं, माझ्या बनियनांच्या खर्चाने. या पक्केपणाला रीतसर गुणही देतात: 5 म्हणजे उत्तम, 1 म्हणजे मी पिशवीतून नेला होता तो. बिलावर मात्र मुंगीच्या अक्षरात "रंगाची जबाबदारी नाही".

"पहिल्यांदा मिठाच्या पाण्यात भिजवायचा होता," दुकानदाराने वर शहाणपण शिकवलं. मीठ रंगवताना लागतं हो, विकून झाल्यावर नाही! पण ऐकतो कोण? त्याने पोऱ्याला चहा सांगितला होता. एकच. मास्तरांसाठी.

"आज चतुर्थी आहे, पण चहा चालतो," म्हणत मास्तरांनी बशीत चहा ओतला, फुंकर घातली आणि मला म्हणाले, "बसा की हो, एवढी घाई कसली?"