बक्कल नंबर हवाच, खोली नंबर कशाला?

नमस्कार,

पोलिसांचे घरचे पत्ते जाहीर होऊ नयेत, या माझ्या लेखावर तुमची लांबलचक प्रतिक्रिया आली. रागाने लिहिलीत, पण मुद्द्याला धरून, म्हणून नुसते आभार मानून सुटणं बरं दिसलं नसतं. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: यांचा पगार आमच्या करातून, मग माहिती आमच्यापासून का लपवायची? आमचे पत्ते आधारच्या झेरॉक्सवर गल्लोगल्ली फिरतात, त्याची कुणाला पडलेली नसते. आणि शेवटी, दादरच्या सिग्नलवर तुमच्याकडे पैसे मागणाऱ्या हवालदाराच्या घरी जाऊन चार लोकांत जाब विचारला, तर काय बिघडलं?

आधी माझी चूक. मी ‘पोलिसांची वैयक्तिक माहिती’ असं मोघम लिहून गेले. त्यामुळे नाव, हुद्दा, नेमणूक सगळंच झाकायला निघालेय असं वाटलं. तसं नाही. छातीवरची नावाची पट्टी दिसलीच पाहिजे, डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अटक करणाऱ्या पोलिसांना ते बंधनकारक केलं, आता ते फौजदारी कार्यपद्धतीच्या कायद्यात, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६ मध्ये आहे. आयपीएस अधिकाऱ्यांची स्थावर मालमत्तेची विवरणपत्रं लोकांसमोर येतात, ती येत राहावीत. झाकायचं ते राहतं घर, घरचा फोन आणि पोरांची शाळा. बास.

आता ‘घरी जाऊन जाब’. हे वाचलं आणि मला आमचं दार आठवलं.

बाबा हवालदार होते. आम्ही नायगावच्या पोलीस लाईनीत वाढलो. तिथे पत्ता लपवण्यासारखं काही नव्हतंच, शेजारीपाजारी सगळे खात्यातले, अनोळखी माणूस जिन्यात दिसला तर चार बायका ‘कोण पाहिजे?’ म्हणून उभ्या. निवृत्ती जवळ आली तसा डोंबिवलीत फ्लॅट घेतला. जिन्यापाशी सोसायटीचा बोर्ड, सगळ्यांची नुसती नावं. बाबांच्या नावापुढे मात्र सेक्रेटरींनी कौतुकाने ‘मुंबई पोलीस’ रंगवून घेतलं. पुढे एका बंदोबस्तातल्या लाठीमाराचा व्हिडिओ फिरला. बाबा त्यात कोपऱ्यात उभे. कुणीतरी त्याला या बोर्डाचा फोटो जोडून पुढे पाठवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी दारात दोन पोरं. एकजण ‘हवालदारसाहेब आहेत का?’ विचारतोय, दुसऱ्याने मोबाईल छातीशी उभा धरलेला. बाबा ड्युटीवर. दार उघडलं आईने, हाताला कणीक लागलेली. मागे तिसरीतली भाची, नुकतीच शाळेतून आलेली, फ्रॉकवर शाळेचा बिल्ला तसाच. तसं काही झालं नाही, पोरं दहा मिनिटांत गेली. पण व्हिडिओत आल्या त्या आई आणि भाची. लाठी कुणाच्या हुकमाने चालली, हे त्या काय सांगणार? त्यानंतर कित्येक महिने दूधवाल्याने पिशवी जाळीच्या दाराला अडकवून जायची, असं आईने ठरवून टाकलं.

कोर्टालाही सरकारी नोकराच्या उंबऱ्यावर जायची गरज पडत नाही, हे तुम्हाला माहीत आहे का? त्याच्यावरचं समन्स सर्वसाधारणपणे कार्यालयप्रमुखाकडे जातं, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ६८ तसं सांगतं.

एवढ्याशा माहितीने काय होतं, असंही तुम्ही विचारलंय. उत्तर आयर्लंडच्या पोलिसांनी ऑगस्ट २०२३ मध्ये माहिती अधिकारासारख्याच एका अर्जाला एक्सेल फाईलने उत्तर दिलं. त्यात एक शीट दडलेली राहिली होती: ९,००० हून जास्त पोलीस आणि कर्मचाऱ्यांची आडनावं, आद्याक्षरं, हुद्दे, नेमणुकीची ठिकाणं. घरचा पत्ता एकाचाही नव्हता. फाईल वेबसाईटवर होती जेमतेम दोन-तीन तास, तरी तिथल्या सशस्त्र गटांच्या हाती गेली. मुंबई म्हणजे तिथली राजधानी बेलफास्ट नव्हे, कबूल. पण तिकडे निदान पत्ते तरी नव्हते.

‘आमचे पत्ते फिरतात त्याचं काय?’ इथे मात्र माझ्याकडे प्रतिवाद नाही. फ्लॅटच्या व्यवहाराच्या सूची दोनमध्ये, म्हणजे नोंदणीच्या सरकारी उताऱ्यात, नाव, वय, पत्ता. मतदार यादीत घर क्रमांक. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये एफआयआर २४ तासांत वेबसाईटवर टाकायला सांगितलं, ते आरोपीच्या हिताचंच होतं. पण त्यात फिर्यादीचा पत्ताही जातो, आणि तो झाकायचा तर ते काम खुद्द पोलीस खात्याचंच. दुसऱ्याच्या पत्त्याबाबत खातं इतकं ढिलं असेल, तर स्वतःसाठी कडक नियम मागताना त्याचं कोण ऐकणार? हा टोला तुम्ही लगावलात, तो बसलाय.

आणि अशा झाकाझाकीत माहिती अधिकारच बोथट होईल, ही तुमची भीती. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकाराचं कलम ८(१)(ञ) बदललं. माहिती नाकारायला ‘वैयक्तिक माहिती’ एवढंच कारण पुरेल अशी त्याची भाषा झाली. हे मी मागितलं नव्हतं, मला ते पटतही नाही. जिवाला धोका असेल तर माहिती नाकारायला ८(१)(छ) आधीपासून होतंच की! जनहित मोठं असेल तर माहिती मिळवायला ८(२) चा मार्ग अजून आहे, अपिलात तो धरा.

तुमच्या त्या हवालदाराचं. नाव किंवा बक्कल नंबर, सिग्नल, तारीख, वेळ, किती मागितले, एवढं कागदावर उतरवा आणि लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला १०६४ वर फोन करा. बक्कल नंबर टिपला नसेल तर अडून बसू नका, त्या वेळी त्या सिग्नलवर कोणाची नेमणूक होती हे वाहतूक विभागाच्या नोंदीत असतं. तक्रार लिहायला मदत लागली तर मेल करा, रविवारी मी घरीच असते.