आधी पोछा, मग दिवा: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. रुग्णालयातल्या खोल्या अतिनील किरणांनी निर्जंतुक करणाऱ्या मशीनला मी मागच्या लेखात ‘दिखाऊ’ म्हटलं, यावर तुमचा राग आहे. या मशीनमुळे संसर्ग 30 टक्क्यांच्या आसपास घटल्याचा, लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकातला अभ्यास मी सोयीस्करपणे गाळला आणि ‘फिनाईलच्या काळातल्या सिस्टर’सारखं लिहिलं, असंही तुम्ही म्हणता. सिस्टर मी आहेच, आणि फिनाईलच्या काळातलीही. पण अभ्यास गाळला हे खरं. चूक माझी.

तर तो अभ्यास. अमेरिकेतली 9 रुग्णालयं, निकाल 2017 साली आला. चिवट जंतूंचा पेशंट खोली सोडून गेला की ती चार पद्धतींनी साफ करायची: नेहमीचं जंतुनाशक, तेच अधिक अतिनील, ब्लीच, ब्लीच अधिक अतिनील. मग त्याच खोलीत येणाऱ्या पुढच्या पेशंटला तो जंतू लागतो का, ते बघायचं. नेहमीच्या जंतुनाशकाला अतिनीलची जोड दिली तेव्हा प्रमाण दर 10,000 दिवसांमागे 51.3 वरून 33.9 वर आलं. तुम्ही म्हणता ती 30 टक्क्यांच्या आसपासची घट हीच.

पण त्याच निकालातली दुसरी ओळ तुम्ही सोडलीत. जुलाबाचा जो हट्टी जंतू आहे, क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल, त्याच्या खोल्यांत ब्लीचवर अतिनील चढवूनही काही फरक पडला नाही: 31.6 आणि 30.4. आणि मुख्य म्हणजे चारही गटांत कुणीतरी ती खोली आधी हाताने पुसली होती; मशीन आलं ते दोनच गटांत, आणि पुसल्यानंतर. पुसण्याऐवजी दिवा, असा गट तिथे नव्हताच. आपल्याकडे मशीन विकायला येणारा माणूस मात्र नेमकं तेच सुचवतो.

प्रकाश सरळ जातो, वळत नाही. बेडच्या रेलिंगची खालची बाजू, लॉकरच्या मागचा कोपरा, सलाईन स्टँडचा पाय हे सगळं सावलीत. 2020 मध्ये डीआरडीओने काढलेला अतिनील दिव्यांचा टॉवर घ्या. 12 बाय 12 फुटांच्या खोलीला 10 मिनिटं, पण 400 चौरस फुटांना 30, आणि तेही जागा बदलत बदलत. वाळलेल्या रक्ताच्या डागाखाली तर जंतू चादर ओढून झोपल्यासारखे सुखरूप असतात.

आता गंमत सांगते. माझ्या नोकरीत अतिनील प्रकाशाचा सगळ्यात जास्त उपयोग झाला तो हातात मावणाऱ्या टॉर्चचा. डिस्चार्जच्या आधी रेलिंगखाली, कॉल बेलच्या बटणावर, नळाच्या मुठीवर साध्या डोळ्यांना न दिसणारी, पण या टॉर्चखाली चमकणारी शाई बोटभर लावून ठेवायची. सफाई झाली की खोलीत अंधार करून टॉर्च मारायचा. पहिल्या दिवशी फरशी चकाचक होती आणि कॉल बेल काजव्यासारखी चमकत होती. म्हणजे बेल पुसलीच नव्हती. सफाईच्या मावशींना बोलावून दाखवलं. त्या म्हणाल्या, “सिस्टर, खाली कॅज्युअल्टीत पेशंट स्ट्रेचरवर बसवून ठेवलाय, वरून सारखा फोन. वीस मिनिटांत दोन खोल्या. बेल कधी पुसू?” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मशीनकडेही नसतं, कारण त्यालाही रिकामी खोली आणि बंद दार लागतं. किरण चालू असताना आत कुणी राहिलं तर डोळ्यांत वाळू गेल्यासारखी रात्र काढावी लागते.

एका बाबतीत मात्र मी नीट लिहिलं नाही. जुन्या ओटीतल्या (ऑपरेशन थिएटरमधल्या) भिंतीवरच्या अतिनील ट्यूबा आणि तुम्ही म्हणता ते किरणांचा डोस मोजून देणारं मशीन मी एकाच टोपलीत टाकले. त्या ट्यूबेचा निळा उजेड दिसत राहतो, पण जंतू मारणारी 254 नॅनोमीटरची किरणं डोळ्यांना दिसतच नाहीत; ती कधीच मंदावलेली असू शकतात. आमच्याकडच्या ट्यूबा किती तास जळल्या याची वही नव्हती. वर धूळ होती, ती वेगळीच. माझा राग त्या ट्यूबांवरचा होता, तो तुमच्या मशीनवर निघाला.

तुमच्या ट्रस्टला घ्यायचंच असेल तर विक्रेत्याला दोन गोष्टी विचारा: दिव्याचे तास मशीन स्वतः मोजतं का, आणि खोलीच्या लांबच्या कोपऱ्यात डोस किती पोचतो ते आमच्यासमोर मोजून दाखवाल का. आणि ट्रस्टींना एक: सफाईला आणखी एक मावशी मिळेल का? तिन्हींना ‘हो’ आलं तर जरूर घ्या, मला बघायला बोलवा.

मूळ लेखातला ‘दिखाऊ’ हा शब्द आज काढला आहे.