बाबांचं एडीएचडी आईने सांभाळलं, माझं कोण सांभाळणार?

"आमच्या वेळी नव्हतं हो हे एडीएचडी-बीएचडी." हे वाक्य लग्नात, बारशाला, फॅमिली ग्रुपवर, सोसायटीच्या गणपतीत सगळीकडे ऐकून झालंय माझं, त्यामुळे आज एकदाच सविस्तर लिहून टाकते म्हणजे पुढच्या वेळी नुसती लिंक पाठवता येईल. पोस्ट मोठी आहे. ज्यांना खरंच एडीएचडी आहे ते अर्ध्यात सोडून जातील, मला अजिबात राग येणार नाही.

तर होतं. एडीएचडी म्हणजे लक्ष टिकत नाही, गोष्टी विसरतात, उतावीळपणा होतो, अशी मेंदूची ठेवण, आणि ती तुमच्या वेळीही होती. जगभरात साधारण ५ टक्के मुलांना असतं असं मानतात, आमच्या वर्गात साठ पोरं होती, म्हणजे हिशोबाने तीन तरी. फक्त ज्याला होतं त्याच्या वाट्याची कामं दुसरं कुणीतरी गुपचूप उरकत होतं, आणि हे दुसरं कुणीतरी म्हणजे बहुतेक घरांत बाई.

माझ्या बाबांचंच सांगते. (परवानगी घेतलीये. "लिही लिही, आता काय माझं लग्न मोडणारे का" म्हणाले.) ठाण्यात नौपाड्याला आमचं दोन खोल्यांचं घर, बाबा फोर्टला नोकरीला, आणि अख्ख्या बिल्डिंगमधे टापटीप आणि वक्तशीर म्हणून प्रसिद्ध. लोकल कधी चुकली नाही त्यांची. आता हे टापटीप कसे होते ते बघा. रोज रात्री जेवणं आवरली की आई टीव्हीशेजारी एक स्टीलचं ताट ठेवायची. त्यात पास, पाकीट, घड्याळ, किल्ल्या, घडी केलेला रुमाल, चष्म्याचं घर, पेन आणि रिक्षाचे सुट्टे. सकाळी बाबा उभ्या उभ्या चहा पीत एकेक वस्तू खिशात टाकायचे आणि आई दारात उभी राहून ताटाकडे बघायची, काय उरलंय ते. तरी चष्मा राहायचाच, मग जिन्यातून "अहो!" अशी हाक. लाइट बिलाची तारीख कॅलेंडरवर आई लिहायची, भरायच्या रांगेत आई उभी राहायची, एलआयसीचा हप्ता, शाळेची फी, कोणाच्या मुंजीत काय आहेर केला होता आणि आता काय करायचा, सगळं तिच्या डोक्यात. माळ्यावर बाबांची खास इस्टेट होती: दोन महिने वाजवलेली पेटी, होमिओपॅथीची पुस्तकं, रेडिओ दुरुस्तीचा कोर्स, बुद्धिबळाचे अंक. प्रत्येक गोष्ट आणताना डोळ्यात अशी चमक की आता आयुष्य हेच. त्यावरची धूळसुद्धा आईच झटकायची.

मी शाळेत असताना मावशीच्या ऑपरेशनसाठी आई सांगलीला गेली होती, तेव्हाचं आठवतं. दूध उतू, कुकर करपलेला, लाइट कापायला माणूस दारात, आणि बाबा एका पायात काळी आणि एका पायात तपकिरी चप्पल घालून थेट स्टेशनपर्यंत. सगळे पोट धरून हसले, अजून हसतात. "हुशार माणसं विसरभोळीच असतात हो."

आता हाच मेंदू मुलीला मिळाला की काय होतं बघा. डबा हरवला, कंपास हरवला, स्वेटर बसमधे राहिला, की मी वेंधळी, धांदरट, "सासरी जाऊन काय दिवे लावणारे देव जाणे". प्रगतीपुस्तकात दरवर्षी बाई वेगळ्या, शेरा तोच: हुशार आहे, पण लक्ष नसते. वर्गभर पळणारा, बाकावर चढणारा मुलगा लगेच दिसतो, त्याचे आईवडील शाळेत बोलावले जातात. खिडकीतून बाहेर बघत बसलेल्या मुलीचा कुणाला काही त्रासच नसतो, त्यामुळे तिला कोण कशाला कुठे पाठवेल. मुलींमधे हा लक्ष न टिकण्याचा प्रकार जास्त दिसतो आणि म्हणूनच त्या वर्षानुवर्षं सुटून जातात.

आणि दहावीपर्यंत माझं बरं चाललं होतं ना! शाळेची बेल होती, टाइमटेबल होतं, क्लास होता, आणि आई होती, तिने माझंही दप्तर भरलेलं असायचं. लोक विचारतात की तुला चाळिशीत कसं काय झालं हे? चाळिशीत झालं नाही, चाळिशीपर्यंत आधार एकेक करून निघत गेले. लग्न झाल्यावर तर उलटंच, आता दुसऱ्यांचं ताट मीच भरायचं होतं.

नवी मुंबईत, कोपरखैरण्याच्या फ्लॅटमधली पहिली काही वर्षं म्हणजे काय सांगू. मशीनमधे कपडे लावायचे आणि विसरायचे, दुसऱ्या दिवशी वास आला की परत तेच धुवायचे. फ्रिजच्या मागच्या कोपऱ्यात कोथिंबिरीचं पाणी झालेलं. गॅसवर तूप कढत ठेवून गॅलरीत झाडांना पाणी घालायला जायचं आणि तिथेच कुंड्या बदलायला बसायचं. आणि तो शाळेचा वॉट्सॅप ग्रुप! रात्री साडेदहाला मेसेज, उद्या पिवळा टीशर्ट, चार्ट पेपर आणि एक मोड आलेलं कडधान्य. मोड रात्रीत कुठून आणायचे हो? बाकीच्या आयांकडे असायचे, हे विशेष. ऑफिस ऐरोलीला, पण ट्रेनमधे डोक्यात काही चालू असलं की ऐरोली निघून जायचं आणि थेट ठाणे यायचं, मग उलटी ट्रेन आणि लेटमार्क. २०२४ पासून मधे दिघा स्टेशन झालंय म्हणून तेवढं तरी बरं. गंमत म्हणजे ऑफिसात सगळं पेटलेलं असतं, क्लायंट ओरडतोय, रात्रीत काहीतरी उभं करायचंय, तेव्हा माझ्यासारखी बाई नाही. साधा महिन्याचा एक्सेल भरायचा म्हटलं की मात्र पोटात गोळा, तो मी शेवटच्या रात्रीशिवाय उघडूच शकत नाही. आळस म्हणावा तर आळशी माणूस निदान मजेत तरी असतो. मी ते न केलेलं काम दिवसभर उरावर घेऊन फिरते.

निदान आधी लेकाचं झालं. शाळेच्या समुपदेशक बाईंनी सुचवलं, आम्ही सायकिअॅट्रिस्टकडे गेलो, त्यांनी मला आणि शाळेला एकेक फॉर्म भरायला दिला. माझा फॉर्म मी हरवला. डॉक्टर हसल्या नाहीत, त्यांनी ते लिहून घेतलं. मग माझीही चौकशी सुरू.

इथे एक सांगते कारण इनबॉक्समधे हे फार विचारतात. याची रक्ततपासणी नसते, एकट्या माणसाच्या एमआरआयमधे बघून सांगता येत नाही. थायरॉइड, बी-१२, झोप, डिप्रेशन हे सगळं आधी बघतात कारण त्यानेही लक्ष उडतं. मग लांबलचक मुलाखत. डीएसएम-५ हे जे मानसिक आजारांच्या निदानाचं अमेरिकन मॅन्युअल आहे, २०१३ चं, त्यात मोठ्या माणसाला लक्ष नसण्याच्या किंवा उतावीळपणाच्या ९ पैकी निदान ५ लक्षणं लागतात, लहानांना ६, आणि काही लक्षणं वयाच्या १२ वर्षांच्या आधीपासून असावी लागतात, घरी एक आणि ऑफिसात एक असं चालत नाही, दोन्हीकडे त्रास दिसायला हवा. (२०१३ च्या आधी ही वयाची अट ७ होती.) म्हणजे किल्ल्या विसरल्या की एडीएचडी असं ते रीलवाले सांगतात तसं नसतं. किल्ल्या सगळेच विसरतात. तर १२ वर्षांच्या आधीचा पुरावा पाहिजे म्हणून मी माझी जुनी प्रगतीपुस्तकं शोधायला लागले. ती कोणाकडे असणार? आईकडे. पिशवीत, इयत्तेप्रमाणे लावून.

घरी सांगितल्यावर सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे आता ठाण्याला जायचं की काय?" आम्हा ठाणेकरांना हा जोक महाराष्ट्रातल्या प्रत्येक नातेवाइकाने ऐकवलेला असतो, १९०१ पासून ते मनोरुग्णालय आमच्या गावात आहे त्याला आम्ही काय करणार. त्याच गावात १९९० पासून सायकिअॅट्रिस्ट डॉ. आनंद नाडकर्णींची आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था आहे, सायकिअॅट्रिस्टकडे जाणं म्हणजे वेड लागणं नाही हे ठाण्यातल्या कितीतरी घरांना तिथूनच कळलं, पण जोक काही बदलत नाही. बरं, माझी अपॉइंटमेंट खरोखरच ठाण्याला होती, त्यामुळे मी "हो आई, शनिवारी" म्हणाले.

हे घराण्यातून येतं. जुळ्यांच्या अभ्यासांवरून यात आनुवंशिकतेचा वाटा ७० ते ८० टक्के निघतो, म्हणजे जवळपास उंचीइतका. मोबाइलने होत नाही, साखरेने होत नाही, आई नोकरी करते म्हणून तर मुळीच होत नाही. २००७ साली अमेरिकेतल्या एनआयएमएच या सरकारी संस्थेने मुलांच्या मेंदूचे स्कॅन बघितले तर एडीएचडीवाल्या मुलांमधे मेंदूच्या बाहेरच्या थराची वाढ त्याच क्रमाने होते पण सरासरी ३ वर्षं मागून. हे वाचल्यावर मी लेकाला "एवढा मोठा घोडा झालास" म्हणणं बंद केलं. निदान कमी केलं.

ऑफिसात पण गंमत. मल्याळम नट फहाद फासिलने २०२४ मधे सांगितलं की त्याला ४१व्या वर्षी एडीएचडीचं निदान झालं, तर लंचला सगळे एकदम गंभीर, किती धाडसी वगैरे. मी त्याच्या आधी तेच सांगितलेलं तर "अगं आपल्या सगळ्यांनाच असतं थोडं थोडं". आणि एडीएचडीला सुपरपॉवर म्हणणारे वेगळेच. सुपरपॉवर असती तर लेट फी नसती भरली मी इतकी.

गोळीबद्दल. मेथिलफेनिडेट. १९४४ मधे स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीत लिआंद्रो पानिझॉन नावाच्या केमिस्टने बनवली, त्याची बायको रीटा टेनिस खेळायच्या आधी घ्यायची आणि तिच्या नावावरून ब्रँडचं नाव रिटालिन. म्हणजे इथेही कामाला बायकोच आली. गोळी घेतल्यावर मला सुरुवात करता येते, डोक्यातले बाकीचे रेडिओ बंद होतात. पण कोणतं काम सुरू करायचं ते गोळी सांगत नाही, चुकून रील बघायला बसले तर तेही मन लावून दोन तास. आणि सगळ्यांना चालते असंही नाही, माझ्या एका मैत्रिणीला भूक आणि झोप दोन्ही गेली, तिला अॅटोमॉक्सेटिन हे दुसरं औषध देतात. हे डॉक्टरांनी ठरवायचं, माझी पोस्ट वाचून नाही. गोळीने "मुलगा झोंबी होईल" म्हणणाऱ्या आत्यांना मी आता उत्तर देत नाही, त्याला पहिल्यांदा एक धडा पूर्ण वाचून झाल्यावर तो किती नाचला ते त्यांनी बघितलेलं नाही.

घरात आता कामं बदललीयेत. बिलं, शाळेचा ग्रुप, सोसायटी मेंटेनन्स नवऱ्याकडे. माझ्याकडे स्वयंपाक, लेकाचा अभ्यास, आणि अचानक उपटलेलं काहीही. तर जो येतो तो म्हणतो, किती समजूतदार नवरा मिळाला गं तुला! आहेच, नाही म्हणत नाही. पण आईने हेच आयुष्यभर केलं, तेव्हा बाबांना कोणी म्हणालं नाही की किती समजूतदार बायको मिळाली. मी तिला विचारलं, तुला कंटाळा नाही आला कधी? म्हणाली, "मला कुठे माहीत होतं हे काही वेगळं आहे ते, मला वाटलं संसार म्हणजे असंच असतं."

हे ऐकल्यापासून माझं डोकं फिरलंय खरं तर. कारण आजूबाजूला बघते तर एडीएचडीवाल्या मुलग्यांच्या आया तेच करतायत, दप्तर भरतायत, प्रोजेक्ट करतायत, आणि मधूनच म्हणतात, लग्न झाल्यावर सुधारेल. म्हणजे काय तर दुसऱ्या कुणाच्या मुलीकडे चार्ज द्यायचा. माझ्या लेकाचं दप्तर मी भरत नाही. तत्त्व वगैरे नंतर, आधी मला ते जमतच नाही. दाराच्या आतल्या बाजूला पांढरा बोर्ड आहे, त्यावर त्याच्याच अक्षरात यादी, तो बाहेर पडताना मोठ्याने वाचतो, शेजारच्या काकूंना पाठ झालीये. पाण्याची बाटली तरी राहते. मग तहान लागते, मग वर्गातल्या मित्राची पितो, चालायचंच. इस्त्रीवाल्याकडून कपडे आणायचं काम त्याचं आणि विसरला तर चुरगळलेला शर्ट घालून जातो, सासूबाईंना बघवत नाही, पण त्यांनीही आता इस्त्री लपवून ठेवलीये.

बाबा ७४ चे आहेत. त्यांना आता निदान करून घ्यायचं नाहीये, "आता कशाला" म्हणतात, आणि तो त्यांचा हक्क आहे. पण मागच्या महिन्यात आईचा गुडघा दुखत होता तर लाइट बिल त्यांनी स्वतः ऑनलाइन भरलं. पहिल्या दिवशी एकदा, दुसऱ्या दिवशी परत एकदा. असो, पुढच्या बिलात वळतं होईल.

आता एक काम. ही गोळी एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली येते, सगळे मेडिकलवाले ठेवत नाहीत, आणि जे ठेवतात त्यांच्याकडे नेमकी महिन्याच्या शेवटी संपलेली असते. ज्यांना वेळेचं भान नसतं त्यांनाच हे वेळेवर डॉक्टर, वेळेवर प्रिस्क्रिप्शन, आणि तीन मेडिकल फिरणं, ही कोणाची आयडिया माहीत नाही. तर वाशी, कोपरखैरणे, घणसोली या पट्ट्यात नियमित स्टॉक ठेवणारं मेडिकल कोणाला माहीत असेल तर इनबॉक्स करा प्लीज. प्रिस्क्रिप्शन आहे. सापडलं की पाठवते.