साठीनंतर जिना बंद, मान वळवणं बंद? असं करू नका

बेळगावकडच्या बहुतेक मराठी घरांच्या फॅमिली ग्रुपवर हा मेसेज एकदा तरी येऊन गेला असेल. साठी ओलांडलेल्यांनी काय काय करायचं नाही, याची ती यादी आहे. जिना चढू नका. मान झटकन वळवू नका. उलटं चालू नका. वाकून पायाच्या अंगठ्याला हात लावू नका. उभ्यानं पँट घालू नका. झोपलेल्या जागेवरून थेट उठून बसू नका. रोज थोडं चाला, बाकी आराम करा, कारण एकदा पडलात की संपलं. कुठल्या डॉक्टरचं नाव नसतं, पण ‘डॉक्टर सांगतात’ एवढं मात्र असतं.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. शहापूर-वडगावपासून खानापूरच्या खेड्यांपर्यंत घरी जाऊन वयस्कर माणसांना पुन्हा उभं करायचं, चालतं करायचं, हे माझं काम. आई-वडिलांच्या काळजीपोटीच मुलं हा मेसेज पुढे पाठवतात, हे मला कळतं. पण त्यातल्या चांगल्या सूचनांच्या आडून वाईट सूचनाही घरात शिरतात आणि चालतं-फिरतं माणूस खुर्चीला खिळतं. म्हणून एकेक मुद्दा घेते.

आधी जिना. कठडा धरा, हे अगदी बरोबर. पण चढूच नका? खुर्चीतून उठायला, मोरीतून बाहेर यायला, ठेच लागल्यावर सावरायला जे मांडीचे आणि कुल्ल्याचे स्नायू लागतात, तेच जिन्यावर कामाला लागतात. ते वापरले नाहीत तर झपाट्यानं झिजतात. गुडघा दुखत असेल तर चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, आणि सावकाश. 2023च्या जूनपासून कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेत बायकांना सरकारी बस फुकट झाली. कितीतरी आज्ज्या आता एकट्या सौंदत्तीला जातात, लेकीकडे निपाणीला जातात. त्या बसची पहिली पायरी घरच्या पायरीपेक्षा चांगलीच उंच असते. घरचा जिना सुटला की थोड्याच दिवसांत ती पायरीही सुटते आणि आज्जीचं जाणं-येणंच थांबतं.

मान वळवू नका आणि उलटं चालू नका, या दोन सूचनांवर माझा सगळ्यात जास्त राग आहे. आपला तोल तीन गोष्टी सांभाळतात: डोळे, आतल्या कानातली तोलाची इंद्रियं, आणि तळपाय व सांध्यांतून येणारी जाणीव. वयानुसार तिन्ही थोड्या मंदावतात. मान वळवणं थांबवलं तर कानाच्या इंद्रियाला फारसं काम उरत नाही. मग कुणी मागून हाक मारली, रस्त्यात मोटरसायकलचा हॉर्न वाजला, की मान वळतेच, आणि शरीराला त्याची सवय राहिलेली नसते.

न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठातल्या संशोधकांनी 1990च्या दशकात घरी करायचा एक व्यायामक्रम तयार केला. 1997 साली त्यांनी 80 वर्षांवरच्या 233 बायकांवर त्याची चाचणी प्रसिद्ध केली. ऐंशीच्या पुढच्या! त्या क्रमात सुरुवातीला मान फिरवायची असते. पुढे उलटं चालणं, एका पायावर उभं राहणं, खुर्चीतून हात न लावता उठणं आणि जिना चढणं येतं. म्हणजे मेसेज जे जे बंद करायला सांगतो, त्यातलं बरंचसं तिथे शिकवलं जातं. ओटागोच्या चार चाचण्या एकत्र पाहिल्या तेव्हा पडण्याचं प्रमाण सुमारे 35 टक्क्यांनी कमी झालेलं दिसलं.

वडगावातल्या एका आज्जींचं सांगते. मोरीत एकदा घसरल्या, हाड काही मोडलं नाही, पण धसका बसला. तेव्हापासून भिंतीला हात लावून, नजर फरशीवर ठेवून चालायच्या. मान वळवायची नाही म्हणून अख्ख्या अंगानं वळायच्या, आणि वळताना पायात पाय अडकायचा. मी त्यांना स्वयंपाकघराच्या कट्ट्यापाशी उभं केलं. दोन्ही हात कट्ट्यावर, नजर उजवीकडच्या घड्याळावर, मग डावीकडच्या देव्हाऱ्यावर. ते जमल्यावर एक हात सोडला. मग फक्त दोन बोटं टेकवून एक पाय उचलायचा. ‘अगं, पाय लटलट करूलालेत की माझे,’ त्या म्हणाल्या. त्यांना सांगितलं, लटलटू दे, घोटा स्वतःला सावरायला शिकतोय. पुढे कट्टा धरूनच दोन-चार पावलं मागे टाकायला लागल्या. मागे सून उभी असायची. उलटं चालायचं ते असं, आधाराला धरून आणि कोरड्या फरशीवर.

आता मेसेजमधलं खरं. हाडं ठिसूळ झालेल्यांनी कमरेतून वाकून अंगठ्याला हात लावू नये. त्यानं मणका दबून मोडू शकतो. उठताना कुशीवर वळून, पाय खाली सोडून, काठावर थोडं बसून मगच उभं राहावं, विशेषतः बीपीच्या गोळ्या चालू असतील तर. पँट, पायजमा बसूनच घालावा. एका पायावर उभं राहण्याचा सराव कट्ट्यापाशी करावा, कपडे घालताना नको.

राहिलं ते ‘रोज चाला, बास’. सकाळी बेळगावात व्हॅक्सीन डेपोच्या मैदानावर फिरणारी मंडळी पाहून मला बरं वाटतं. हृदयाला, साखरेला, मनाला चालणं उत्तमच. पण पडणं टाळायला ते एकटं पुरतं, असं दिसलेलं नाही. कोक्रेन ही जगभरच्या वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणारी संस्था. 2019 सालच्या तिच्या आढाव्यात 108 चाचण्या आणि 23,407 माणसं होती. तोलाच्या व्यायामांनी पडणं सुमारे 24 टक्क्यांनी कमी झालं, त्याला ताकदीच्या व्यायामाची जोड दिल्यावर 34 टक्क्यांपर्यंत. नुसत्या चालण्याबद्दल तसं ठामपणे सांगता आलं नाही. 2013 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमधल्या आढाव्यात तर व्यायाम करणाऱ्यांत पडून हाड मोडण्याचं प्रमाण 61 टक्क्यांनी कमी दिसलं. फ्रॅक्चर मोजणाऱ्या चाचण्या त्यात थोड्याच होत्या, पण दिशा स्पष्ट आहे. जागतिक आरोग्य संघटनाही 65च्या पुढच्यांना आठवड्यातून किमान तीन दिवस तोलाचे आणि ताकदीचे व्यायाम करायला सांगते.

या मेसेजखाली कुणीतरी हमखास लिहितं: आमच्याकडे कॅल्शियम आणि डी जीवनसत्त्व चालू आहे, काळजी नाही. कमतरता असेल, डॉक्टरांनी दिलं असेल, तर घ्याच. पण अमेरिकेत 25,871 लोकांवर झालेल्या, 2022 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, एरवी धडधाकट असलेल्यांमध्ये नुसत्या डी जीवनसत्त्वानं फ्रॅक्चर कमी झाले नाहीत. खुब्याची दहापैकी नऊहून अधिक फ्रॅक्चर पडल्यामुळेच होतात. गोळी पडणं थांबवत नाही.

घरातलंही बघा. पावसाळ्यात खानापूरकडे अंगणात शेवाळ धरतं, ते खरवडून काढा. मोरीत धरायला भक्कम दांडी बसवा. रात्री बाथरूमच्या वाटेवर छोटा दिवा असू द्या. झिजलेली स्लीपर फेकून द्या.

आणि ‘पडलात की संपलं’ हे वाक्य कृपा करून पुढे पाठवू नका. पडण्याची भीती बसली की माणूस हालचाल कमी करतं, पाय आणखी कमजोर होतात आणि पडणं जवळ येतं. त्यापेक्षा उठायचं कसं ते शिकवा. आधी शांत पडून कुठे मार लागलाय का पाहायचं. खुबा खूप दुखत असेल किंवा पाय हलवता येत नसेल तर उठायचं नाही, हाक मारायची. नाहीतर कुशीवर वळायचं, हात-गुडघ्यांवर यायचं, रांगत खुर्चीपर्यंत जायचं, तिच्यावर दोन्ही हात टेकून एक पाऊल पुढे रोवायचं आणि वळून बसायचं.

वर्षभरात दोनदा पडलेल्यांनी, चक्कर येणाऱ्यांनी, नुकतं फ्रॅक्चर झालेल्यांनी व्यायाम सुरू करण्याआधी डॉक्टरांना दाखवावं. जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्याव्यात, झोपेची गोळीसुद्धा.