फूल, पान आणि पेडणे

‘गोव्याच्या जनमत कौलाचा नकाशा काढून द्या, तुमचा कॉम्प्युटरवर हात बसलाय,’ असं सासरे म्हणाले आणि मी ‘हो’ म्हणून बसलो. एका प्रदर्शनात लावायचा होता. मला वाटलं, प्रश्न एकच, उत्तरं दोन. महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं? मतपत्रिकेवर विलीनीकरणाचं फूल की केंद्रशासितची दोन पानं? देवळात कौल लावल्यासारखं सरळ काम. देवाच्या कौलाला तरी शेपफाइल, म्हणजे हद्दींची कॉम्प्युटर-फाइल, लागत नाही.

पहिली ठेच धारबांदोड्याला. मी उतरवलेल्या नकाशात बारा तालुके. कौलाच्या दिवशी, 16 जानेवारी 1967 ला, होते अकरा. धारबांदोडा पुढे कधीतरी, मुख्यतः सांग्यातून, वेगळा काढलेला. दोन चौकटी निवडल्या, बटण दाबलं आणि तो परत सांग्यात गेला. विलीनीकरणवाले पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर, त्यांना जे जमलं नाही ते विलीनीकरण मी एका क्लिकमध्ये उरकलं, असं मोठ्यानं म्हणालोही. सासरे हसले नाहीत. ते मडगावचे, म्हणजे पानवाल्या सासष्टी तालुक्यातले.

मग कळलं, आकडे तालुक्यांचे नाहीतच, मतदारसंघांचे आहेत. तेव्हा गोव्यात अठ्ठावीस, आज चाळीस. नावं तीच, फोंडा, मडगाव, म्हापसा, हद्दी भलत्याच. जुन्या वर्गमित्राला नावानं हाक मारावी आणि त्याचा मुलगा वळून बघावा, तसं. दोन रात्री मी गावांच्या याद्या घेऊन कुडतरी कुठं संपते आणि नावेली कुठं सुरू होते ते शोधत होतो. शिवाय दमण आणि दीव! त्यांनीही मत दिलेलं. पण एक गुजरातच्या किनाऱ्यावर, दुसरं थेट सौराष्ट्राला चिकटलेलं. त्यांना कोपऱ्यात चौकट करून बसवलं, लग्नात लांबच्या पाहुण्यांना बसवतात तसं.

रंगांवरून खरं रामायण झालं. फुलाला पिवळा, पानांना हिरवा. पानांना 1,72,191 मतं, फुलाला 1,38,170, फरक 34,021. पण रंगवलं तर सत्तरीचं जंगल भलं मोठं पिवळं, आणि निकाल फिरवणारी सासष्टी त्यापुढे टीचभर.

‘जिंकलो आम्ही की हरलो?’ सासऱ्यांनी विचारलं.

‘जिंकलात.’

‘मग दिसत का नाही?’

त्यांची समजूत काढायला मतांच्या प्रमाणात गोल काढले. आता सासष्टीवर गळू आल्यासारखं दिसायला लागलं. त्यात कौल हरलेल्या बांदोडकरांनाच लोकांनी मार्चच्या निवडणुकीत परत सत्तेवर बसवलं. याला कुठला रंग? मी तो विषयच काढला नाही.

शेवटी छापील कागद जेवणाच्या टेबलावर पसरला. सासूबाईंचं माहेर उत्तर टोकाच्या पेडण्याचं. कौलाच्या वेळी त्या एकवीस वर्षांच्या, लग्नाआधीच्या. सासऱ्यांनी गडद पिवळ्या पेडण्यावर बोट ठेवलं. ‘बघा, ही सगळी फुलवाली मंडळी. हीसुद्धा.’ हे गेली पन्नासेक वर्षं चाललंय म्हणे.

सासूबाईंनी कागदावर सांडलेला आमटीचा थेंब पदरानं टिपला.

‘जावयबापू, यात माझं मत कुठं दिसतं?’

‘तसं एकेकाचं नाही दिसत. पूर्ण मतदारसंघाचं मिळून…’

‘नाही ना दिसत? बरं झालं,’ त्या म्हणाल्या, आणि सासऱ्यांकडे न बघता भात वाढायला लागल्या.

सासऱ्यांचं बोट अजून पेडण्यावरच होतं.