ताई, नोकरी धरून हे सुटणार नाही

ताई, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया सकाळी नाशिकच्या सातपूरला वर्कशॉप उघडतानाच वाचली आणि रात्री जेवताना बायकोला वाचून दाखवली. दोन ओळींत उत्तर देऊन भागणार नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. फिरतीचं काम आणि तान्ही लेक यांचा मेळ कसा घालतो, यावर मी मागे लिहिलं होतं. तुम्ही म्हणता, हा मेळ बायको घालते आणि लेख नवरा लिहितो. तुमचे वडील औषध कंपनीत फिरतीवर होते आणि घरातल्या एकाही आजारपणात ते हजर नसायचे, हेही तुम्ही लिहिलंत. शेवटी विचारलंत, ‘इतकीच ओढ आहे तर सरळ नोकरी धरा ना. नाहीतर लेक पहिलं पाऊल टाकेल तेव्हा तुम्ही कुठल्या तरी कोल्ड स्टोरेजमध्ये असाल.’

वडिलांबद्दलचं वाचून गलबलून आलं. बायकोवर भार जास्त आहे, हेही शंभर टक्के खरं. लेक अंगावर पिते, रात्री उठणं तिलाच चुकत नाही. पण नोकरीचा उपाय मला पटत नाही. तुमच्या वडिलांनाही नोकरीच होती ना, ताई? कुठल्या गावी कधी जायचं ते त्यांच्या हातात नव्हतं. स्वतःचं काम सुरू करण्याआधी मी सर्व्हिस इंजिनिअर होतो, तेव्हा माझ्याही नव्हतं. रजेचं म्हणाल, तर केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला 15 दिवसांची पितृत्व रजा मिळते. खासगी नोकरीत तशी सक्ती करणारा कायदा नाही, कंपनीची मर्जी. 2017 मध्ये आईची रजा 12 आठवड्यांवरून 26 आठवडे झाली, फार चांगलं झालं, पण त्या कायद्यात बापाला जागा नाही. आणि स्वतःचं काम करणाऱ्याला, बाई असो की बुवा, रजा नावाची गोष्टच नाही. काम बंद तर पैसे बंद.

आता माझं काम काय ते सांगतो, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. मी द्राक्षांच्या पॅक हाउसमधली, म्हणजे माल थंड करून पॅक करतात तिथली, शीतकरणाची यंत्रणा दुरुस्त करतो. पिंपळगाव, दिंडोरी, निफाड हा घरचा पट्टा, शिवाय नारायणगाव आणि पार तासगावपर्यंत. ऑक्टोबरच्या छाटणीचा माल जानेवारीपासून निघायला लागतो आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये नुसती झुंबड असते. द्राक्षं तोडली की काही तासांत प्री-कूलिंगला लावून 4 अंशांच्या आसपास आणावी लागतात, मग साठवणीत शून्याजवळ, 90 ते 95 टक्के आर्द्रतेत. आर्द्रता घसरली की देठ सुकून तपकिरी पडतात आणि निर्यातीचा माल नापास होतो. अशा वेळी कंप्रेसर बंद पडला तर शेतकऱ्याचं वर्षभराचं पीक आत अडकलेलं असतं. रात्री दोनला फोन आला तर तो माणूस विनाकारण करत नाही, त्याच्या आवाजातूनच कळतं.

म्हणूनच लेक व्हायच्या आधी बायको आणि मी बसून बोललो. बायको जे म्हणाली त्यावर माझं सगळं गणित उभं आहे. ती म्हणाली, ‘तू बाहेर असणं मला जमेल. तू कधी निघशील आणि कधी येशील हे माहीत नसणं जमणार नाही.’ बाई नेमकं बोलली. मंगळवारी आपण एकट्या आहोत हे ठाऊक असेल तर आईला बोलावता येतं, शेजारच्या काकूंना सांगून ठेवता येतं, रात्रीसाठी बाई ठेवता येते. भाजी फोडणीला टाकली असताना नवरा बॅग उचलून निघाला तर काय करता येतं?

तेव्हा धंद्याचीच घडी बदलली. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, हंगामाच्या आधी, सगळ्या यंत्रणा खोलून तपासायचा वार्षिक करार करायचा. ज्यांचा करार नाही त्यांच्याकडे मध्यरात्री जायचं नाही. तपमान वाढलं की मोबाइलवर इशारा येईल असे सेन्सर बसवले. इव्हॅपोरेटरच्या, म्हणजे आतली हवा थंड करणाऱ्या भागाच्या, कॉइलवर बर्फ चढल्यासारख्या निम्म्या तक्रारी तिथल्या ऑपरेटरला व्हिडिओ कॉलवर दाखवून मिटतात. अंबडचा एक मेकॅनिक जोडीला घेतला. एक जण फिरतीवर तेव्हा दुसरा नाशकात, आणि दोघांच्या डायऱ्या दोघांच्याही घरात टांगलेल्या. हे सगळं मालक म्हणून ठरवता आलं. नोकरीत साहेबाला सांगून बघा!

डायरीत सगळ्यात आधी लसीच्या तारखा लिहिल्या. सहा, दहा आणि चौदा आठवडे, बाळ जन्मल्या दिवशीच त्या कळतात, मग ‘अचानक काम निघालं’ म्हणायला जागाच कुठे राहते? आमची नोव्हेंबरची, म्हणजे तिन्ही डोस ऐन हंगामात. ते माझ्याकडे आहेत, अगदी कार्ड सांभाळण्यापासून. पहिल्या डोसच्या रात्री तिची मांडी लालबुंद आणि गरम, अंगात ताप. डॉक्टरांनी सांगितलेले थेंब मोजून दिले, तरी खाली ठेवलं की किंचाळायची. खांद्यावर उभी धरली आणि चालत राहिलं तरच डोळा लागायचा. पहाटेपर्यंत हॉलमध्ये येरझाऱ्या घातल्या, बायको आतल्या खोलीत दार लावून झोपली. त्या रात्री दिंडोरीहून आलेला फोन जोडीदाराने घेतला. याला मी मदत म्हणत नाही. ते माझं काम होतं.

यात पैसा कमी झाला, ते लपवत नाही. रात्रीची तातडीची कामं हीच जास्त पैशांची असतात. शिवाय आमच्या धंद्यात बिलं थकतात, आणि बिल थकलं की माणूस येईल त्या कामाला हो म्हणतो. बापाला घराबाहेर ठेवणारं हे एक मोठं कारण आहे, त्यावर कुणी फारसं बोलत नाही. माझ्यासारख्या छोट्या धंदेवाल्यांना कळकळीने सांगतो, उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, करून घ्या आणि क्रमांक बिलावर छापा. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात, हा 2006 चाच कायदा आहे. 1 एप्रिल 2024 पासून सुरू झालेल्या कर-आकारणी वर्षापासून तर त्या मुदतीत न दिलेली रक्कम, प्रत्यक्ष देईपर्यंत, देणाऱ्याला खर्च म्हणून दाखवता येत नाही. त्यामुळे ग्राहकांचे अकाउंटंट स्वतःहून फोन करायला लागलेत.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. पुढच्या जानेवारीत लेक सव्वा वर्षाच्या आसपास असेल, चालण्याचंच वय. फेब्रुवारी-मार्चमध्ये जिल्ह्याबाहेरचं काम घ्यायचं नाही असं ठरवून तासगाव आणि नारायणगावच्या ग्राहकांना आत्ताच कळवलंय. तासगावच्यांनी दुसरा माणूस बघितला. नारायणगावचे म्हणाले, डिसेंबरमध्ये दोन दिवस जास्त द्या, मग हंगामात बोलावणार नाही. ते काम घेतलंय.